एमजी की एमएल? लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचा जुना घोळ

पॅरासिटामॉल म्हणजे आपल्याकडे घरातलंच औषध, अंग गरम लागलं की पाजायचं. त्यामुळे अ‍ॅडमिट असलेल्या बाळाला त्याचाच ओव्हरडोस होतो म्हटलं की कुणाला खरं वाटत नाही.

आधी मुलांना अ‍ॅस्पिरिनच द्यायचे. 1963 मध्ये ऑस्ट्रेलियात रे नावाच्या डॉक्टरांनी मुलांमधला मेंदू-लिव्हरचा एक भयंकर आजार नोंदवला, पुढे त्याचा अ‍ॅस्पिरिनशी संबंध दिसला आणि 1986 ला ब्रिटनने 12 वर्षांखालच्यांसाठी ते बंद केलं. मग सगळा भार पॅरासिटामॉलवर. जास्त झालं तर तेही लिव्हरवर येतं हे 1966 पासूनच माहीत होतं, पण नीट मोजून दिलं की सेफ, आणि ते खरंही आहे. गोची त्या मोजण्यातच आहे.

शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल आलं ते 100 एमएलच्या बाटलीत, आत 1 ग्रॅम, म्हणजे 1 एमएलमध्ये 10 एमजी. बाटली मोठ्या माणसाच्या मापाची, बाळाला त्यातलं थेंबभरच लागतं. आता 3 किलोचं बाळ घ्या. किलोला साडेसात एमजीने 22.5 एमजी झाले, म्हणजे सिरिंजमध्ये फक्त 2.25 एमएल ओढायचं. रात्रपाळीत कुणी 22.5 हा आकडा एमएल समजून भरला की डोस थेट दहापट! 2010 मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने नेमकी हीच वॉर्निंग दिली होती. लोक लगेच सिस्टरला धरतात, मला ते पटत नाही, तान्ह्या बाळाच्या वॉर्डात मोठ्यांची बाटली ठेवल्यावर दुसरं काय होणार.

तोंडावाटे द्यायच्या औषधातही तेच. आपल्याकडे ड्रॉप्स 1 एमएलला 100 एमजी आणि सिरप 5 एमएलला कधी 125 तर कधी 250, म्हणजे 125 वाल्या सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर चौपट. अमेरिकेत कंपन्यांनी 2011 मध्ये जास्त स्ट्राँग ड्रॉप्स बंद करून तान्ह्यांचं आणि मोठ्या मुलांचं औषध 5 एमएलला 160 एमजी असं एकसारखं करायचं ठरवलं.

आणि ओव्हरडोस झाला तरी पहिल्या दिवशी मूल बरंच दिसतं, फार तर उलटी, लिव्हर दुखावल्याचं नंतर कळतं. उतारा म्हणजे अ‍ॅसिटिलसिस्टीन, बाटली उघडली की सडक्या अंड्याचा वास येतो. त्याचाही डोस वजनावरच आणि तो सलाईनमध्ये मिसळून द्यायचा, तिथे पाणी जास्त झालं तर सोडियम घसरून बाळाला झटके येऊ शकतात, म्हणजे परत तोच कॅल्क्युलेटर काढा.