समुद्री मीठ म्हणजे वाळवलेला समुद्र नव्हे

नागपुरात धरमपेठेत आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या दिवाळीत समुद्री माशांसाठी काचेची टाकी आणली आणि तिच्यात क्लाउनफिशची जोडी सोडली. टाकीसाठीच्या मिठाच्या पिशवीची किंमत ऐकून त्यांच्या आजींनी मला गाठलं. "काऊन रे, किराण्यातलं खडेमीठ टाकलं तर समुद्र होत नाही का?"

नाही होत. आणि का होत नाही हे मला फार आवडतं.

एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतलं ८५ टक्के वजन सोडियम आणि क्लोराइडचं, म्हणजे आपल्या मिठाचं. उरलेल्या १५ टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट. मिठागरात पाणी आटतं तेव्हा हे सगळे एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना (कॅल्शियम कार्बोनेट), मग जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), पाणी मूळच्या दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ. मॅग्नेशियम शेवटपर्यंत पाण्यातच राहतं आणि मीठ ओढून घेतल्यावर ते कडू पाणी वेगळं काढतात. म्हणजे समुद्राला समुद्रपण देणारा ऐवज मिठागरातच मागे राहतो.

या मॅग्नेशियमचं एवढं काय? उष्ण समुद्रात वरच्या थरातलं पाणी कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त असतं, म्हणजे मावतं त्याहून जास्त त्यात विरघळलेलं असतं. हिशेबाने त्यातून खडूची भुकटी खाली बसायला हवी. बसत नाही, कारण तिथे कॅल्शियमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे पाच असतात. ते कार्बोनेटशी जोड्या जमवून त्याला अडकवून ठेवतात. शिवाय कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा, स्फटिक वाढू लागला की मॅग्नेशियम कॅल्शियमच्या जागी घुसतं. ते आकाराने लहान, त्यात भोवतीचे पाण्याचे रेणू घट्ट धरून बसणारं. भिंतीत आखूड विटा लागत गेल्या की वरचा थर सरळ बसत नाही, तसं होतं. वाढ रखडते. प्रवाळ मात्र ऊर्जा खर्चून आपल्या सांगाड्यालगतच्या द्रवातून हायड्रोजन आयन बाहेर काढतो, तिथला पीएच वाढवतो आणि याच पाण्यातून ॲरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं रूप, घडवतो.

टाकीसाठीच्या पिशवीत या सगळ्या क्षारांचं मिश्रण असतं. म्हणूनच बादलीत आधी पाणी, मग ढवळत ढवळत मिश्रण. उलट केलंत तर तळाशी दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट समोरासमोर येतात, पाणी दुधाळ होतं आणि तो चुना पुन्हा विरघळता विरघळत नाही. पाणी गरमही नको. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. गीझरची कॉइल काढून बघा, पांढरी झालेली दिसेल.

निवडीचं म्हणाल तर नुसते मासे असतील तर साधं मिश्रण पुरे. कठीण प्रवाळ ठेवणार असाल तर पिशवीवरचे तीन आकडे वाचा: कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटचं माप). समुद्रात ते अनुक्रमे सुमारे ४१० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), १२९० पीपीएम आणि ७ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) असतात. '७० सूक्ष्म मूलद्रव्यांनी युक्त' या ओळीला भुलू नका. माशांच्या खाद्यातूनही त्यांतली बरीचशी टाकीत येतातच.

पाणी आरओचंच घ्या, पण घरच्या मशिनमध्ये टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचा) स्क्रू असेल तर तो बंद करून; त्यातून आरओ न झालेलं पाणी मिसळतं. आणि मे महिन्यात टाकीतलं पाणी घटलं की वरून नुसतं आरओचं पाणी घाला, खारं नव्हे. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. नागपूरकराला हे कूलरच्या ताट्यांवरचा पांढरा थर दरवर्षी दाखवतो.

बाथरूमच्या कोपऱ्यात वाटीभर खडेमीठ ठेवलं की ते 'नकारात्मक ऊर्जा' शोषून घेतं, असं वास्तूवाले सांगतात. मीठ शोषतं ते हवेतलं बाष्प. टाकीच्या मिश्रणात तर मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड असतं, ते त्याहून हावरट. शेजाऱ्यांची पिशवी श्रावणात उघडी राहिली आणि तिचा दगड झाला. फोडून पाण्यात टाकला तर बादलीच्या तळाला पांढरा गाळ: दमट पिशवीतच कॅल्शियम आणि कार्बोनेटची गाठ पडली होती. उरलेला गोळा आजींनी बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवला आहे. त्याला रोज पाणी सुटतं, आणि त्या समाधानी आहेत.