बाळ अंगावर पितंय आणि थायरॉईडची गोळी चालू आहे

सोलापुरात पारा 42-43 अंशांवर गेला की घाम कोणाला येत नाही? त्यात बाळंतिणीची छाती धडधडली, हात थरथरले, डिंकाचे लाडू खाऊनही वजन उतरत गेलं, तर घरात उत्तर तयारच असतं: ‘बाळंतपणाचा अशक्तपणा हाय, होईल कमी.’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही जणींच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी खरोखरच गरजेपेक्षा जास्त हार्मोन रक्तात सोडत असते, आणि टीएसएच, टी3, टी4 या रक्ततपासण्यांत ते उघड होतं. गोंधळ सुरू होतो तो त्यानंतर. डॉक्टर ग्रंथीला आवर घालणारी कार्बिमाझोलची गोळी लिहून देतात, पाकिटातला कागद उलगडला की स्तनपानाबद्दल इशारा दिसतो, आणि घरात बैठक बसते: गोळी बंद करायची की बाळाचं दूध तोडायचं? बहुतेक वेळा यातलं काहीच करावं लागत नाही.

ही भीती आली कुठून, ते बघण्यासारखं आहे. थायरॉईडला आवर घालणारी औषधं 1940 च्या दशकात आली. त्यातलं सुरुवातीचं एक थायोयुरॅसिल. 1944 साली मोजक्या स्त्रियांच्या दुधात ते रक्तापेक्षाही जास्त सापडलं, आणि तेवढ्यावरून या गटातली सगळीच औषधं स्तनदा मातांना वर्ज्य ठरली. थायोयुरॅसिल पुढे मागे पडलं, बंदी मात्र कित्येक दशकं राहिली. 1980 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी 9 स्त्रियांना याच गटातल्या प्रोपिलथायोयुरॅसिलचा 400 मिलिग्रॅमचा डोस देऊन त्यांचं दूध तपासलं. 4 तासांत डोसच्या जेमतेम 0.025 टक्के औषध दुधात उतरलं होतं. हे औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहतं, त्यामुळे दुधात फारसं जात नाही.

आपल्याकडे जास्त चालणारं कार्बिमाझोल इतकं चिकटत नाही. शरीरात त्याचं मेथिमाझोल होतं आणि ते दुधात जवळजवळ रक्ताइतक्याच प्रमाणात उतरतं. ऐकायला हे घाबरवणारं वाटेल, म्हणून हिशेबच करू. 40 मिलिग्रॅम कार्बिमाझोल, म्हणजे चांगलाच मोठा डोस, दिल्यावर 8 तासांत दुधात सरासरी 34 मायक्रोग्रॅम मेथिमाझोल मिळालं. तोच वेग दिवसभर टिकला असं धरलं तरी बाळाच्या पोटात जाईल ते साधारण 0.1 मिलिग्रॅम. ज्या नवजात बाळाला स्वतःलाच हा आजार असतो त्याला उपचार म्हणून दर किलोमागे रोज 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम मेथिमाझोल देतात. म्हणजे 4 किलोच्या बाळाला किमान 0.8. दुधातून जातं ते त्याच्या आठव्या हिश्शाइतकं.

पण आकडेमोडीपेक्षा प्रत्यक्ष मुलांचं काय झालं ते महत्त्वाचं. तेहरानचे थायरॉईड संशोधक फेरेदून अझीझी यांनी मेथिमाझोल घेणाऱ्या मातांची अंगावर पिणारी बाळं तपासली. त्यांची थायरॉईडची कार्यक्षमता व्यवस्थित होती, आणि त्यातली काही मुलं मोठी झाल्यावर बुद्ध्यंकातही इतर मुलांच्या मागे नव्हती. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्तनपान चालू असताना दिवसाला 20 मिलिग्रॅमपर्यंत मेथिमाझोल किंवा 450 मिलिग्रॅमपर्यंत प्रोपिलथायोयुरॅसिल चालतं. भागेल तेवढा कमी डोस द्यायचा आणि तो विभागून द्यायचा. 10 मिलिग्रॅम कार्बिमाझोलपासून सुमारे 6 मिलिग्रॅम मेथिमाझोल बनतं, हे लक्षात घेतलं तर आपल्याकडचे नेहमीचे डोस या मर्यादेत सहज बसतात. बाळाला पाजून झाल्यावर गोळी घेतली तर पुढच्या पाजण्यापर्यंत वेळ मिळतो. बाळाचं वजन आणि वाढ नेहमीसारखी बघत राहायची. डोस मोठा असेल तर डॉक्टर बाळाचंही टीएसएच करायला सांगू शकतात.

मग दुधात कमी उतरणारं प्रोपिलथायोयुरॅसिलच का देत नाहीत? कारण क्वचित ते यकृताला गंभीर इजा करतं. 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र गणित उलटं होतं. तेव्हा कार्बिमाझोलमुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं. मला वाटतं, गरोदरपणातली ही रास्त भीतीच स्तनपानाला येऊन चिकटली आहे.

गोळी सुरू करण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की व्हायला हवी: आजार कुठला? ग्रेव्हज आजारात ग्रंथी, मालक नसताना चालू राहिलेल्या यंत्रमागासारखी, माल काढतच राहते. तिथे कार्बिमाझोल कामाचं. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत थायरॉईडला नुसती सूजही येते. तेव्हा नवा माल निघत नसतो, साठा बाहेर सांडत असतो. यात कार्बिमाझोलचा काहीच उपयोग नाही. धडधड थांबवायला प्रोप्रॅनोलोलसारखी गोळी पुरते, काही आठवड्यांत जोर ओसरतो, आणि पुष्कळदा नंतर ग्रंथी उलट मंदावते. टीआरएबी या अँटिबॉडीच्या रक्ततपासणीतून दोन्हींतला फरक बहुधा कळतो. शेजारणीची सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी मंद थायरॉईडची असते. ती उसनी घेणं म्हणजे आगीत तेल.

कार्बिमाझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखायला लागला, तर ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढू नये. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घटतात, बहुतेकदा पहिल्या 3 महिन्यांत. गोळी थांबवून त्याच दिवशी सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावं.

दूध खरोखर तोडावं लागतं ते किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारात. दूध बनवणाऱ्या स्तनातल्या पेशी आयोडीन ओढून घेतात, त्यामुळे बाळाच्या थायरॉईडलाही किरणोत्सार पोहोचतो आणि आईच्या स्तनांनाही. म्हणून त्याआधी किमान 6 आठवडे पाजणं बंद करतात आणि त्या बाळासाठी ते पुन्हा सुरू करत नाहीत. घाई नसेल तर बाळ अंगावरून सुटेपर्यंत गोळ्यांवर राहून हा उपचार पुढे ढकलता येतो.