बंद झालेल्या मॉडेलची भारी टॉर्च सेकंडहँड घेताना

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक. घरी नेऊन निवांत वाचा.)

जुनी टॉर्च बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती ल्यूमेनची आहे?" (ल्यूमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती प्रकाश निघतो त्याचं माप.) आमचं म्हणणं, तो प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा की हिला सेल कुठला लागतो आणि तो आज मिळतो का. चांगल्या कंपनीच्या टॉर्चच्या ॲल्युमिनियमच्या नळीला पंधरा-वीस वर्षांत फारसं काही होत नाही. एलईडीही सहसा जात नाही. बटण खराब होतं, रबरी रिंग सुकते आणि सेल बाजारातून गायब होतो. जुन्या टॉर्चचं दुखणं बहुतेक वेळा या तिघांपैकीच एक असतं.

सेल आधी, टॉर्च नंतर

सगळ्यात बिनघोर म्हणजे डबल-ए, आपला पेन्सिल सेल. फेनिक्सची टीके४१ ही याच जातीतली. ८ पेन्सिल सेलवर ८०० ल्यूमेन आणि एलईडीभोवतीच्या मोठ्या, गुळगुळीत, आरशासारख्या वाटीमुळे लांब जाणारा झोत. अशी टॉर्च घेताना आतला सेल बसवायचा पिंजरा बाहेर काढून नीट बघा. त्याची एखादी पट्टी तुटली किंवा स्प्रिंग बसली तर तसा पिंजरा दुसरा मिळवणं कठीण. आणि किराणा दुकानातले साधे स्वस्त सेल अशा टॉर्चला पेलत नाहीत. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेलच घाला.

त्याखालोखाल १८६५०. जाडी १८ मिमी, लांबी ६५ मिमी, नावातच माप आहे. हा लिथियम सेल सर्रास मिळतो, पण नकलीही सर्रास मिळतो. चांगल्या १८६५० ची क्षमता साधारण २६०० ते ३५०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) असते. वेष्टनावर ९९०० छापलेलं दिसलं की तिथूनच परत फिरा. खऱ्या सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं. सोनाराच्या काट्याची गरज नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. प्रोटेक्शनची चकती, म्हणजे सेलला बिघाडापासून वाचवणारं छोटं सर्किट, लावलेला सेल आणखी तीन-चार मिलिमीटर लांब होतो. काही जुन्या टॉर्चमध्ये तो बसतच नाही, तर काहींना वर उंचवटा असलेलाच सेल चालतो, सपाट डोक्याचा लावला तर टॉर्च पेटत नाही. अशी टॉर्च बिघडलेली समजून कोणी मातीमोल भावात विकत असेल तर तुमची चांदी.

सीआर१२३ए, म्हणजे रिचार्ज न होणाऱ्या ३ व्होल्टच्या बुटक्या लिथियम सेलवर चालणाऱ्या जुन्या टॉर्च दिसायला फार देखण्या असतात. शुअरफायर ६पी त्यातली नामांकित: दोन सेल, बल्बचा ६५ ल्यूमेन प्रकाश, जेमतेम तासभर. या सेलचा खर्च परवडत नाही म्हणून लोक त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे रिचार्जेबल सेल घालतात. पूर्ण चार्ज झाल्यावर असा एक सेल ४.२ व्होल्टचा होतो, दोन मिळून ८.४ व्होल्ट होतात आणि ६ व्होल्टचा बल्ब क्षणात उडतो. हौसेने घ्यायचीच असेल तर त्याच मापाचा एलईडीचा तयार संच त्यात बसतो, पण त्यावर किती व्होल्ट चालतात ते वाचून मगच सेल घाला. मूळ नळीत १८६५० जात नाही, कोणी नळी आतून कातून घेतली असेल तरच जातो.

काही कंपन्यांनी स्वतःचा खास सेल केला, धन आणि ऋण दोन्ही टोकं एकाच बाजूला. साधा सेल लावून अशी टॉर्च कदाचित चालेलही, पण मूळ चार्जिंग चालत नाही. मॉडेल बंद आणि सेलही बंद असेल तर आमच्याकडून स्पष्ट नकार.

हातात घेतल्यावर

मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. "घट्ट बसलंय, घरी जाऊन उघडा" असं विकणारा म्हणाला की समजावं, आत अल्कलाइन सेल गळलेत. तो द्राव अल्कधर्मी असतो आणि ॲल्युमिनियम खातो. जुन्या मॅगलाइटच्या लांब नळीत मोठे सेल फुगून असे अडकतात की हातोडीनेही निघत नाहीत. पांढरी पावडर नुसती झाकणाच्या स्प्रिंगवर असेल तर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून कापसाने पुसता येते. नळीच्या आत खड्डे पडले असतील तर सोडून द्या.

आटे फिरवताना खरखर लागली तर आधी पुसून, सिलिकॉन ग्रीसचा थेंब लावून बघा. व्हॅसलिन नको, काही जातीचं रबर त्याने फुगतं. ओ-रिंग तडकलेली असेल तर घाबरू नका. मापाची रिंग दोन-चार रुपयांत मिळते. मात्र रिंग बदलेपर्यंत जाहिरातीतल्या आयपीएक्स७ चा, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटांचा, काही भरवसा नाही. पावसाळ्यात तर नाहीच.

बटणाची परीक्षा आम्ही अशी घेतो. मागच्या बाजूला बटण असलेल्या टॉर्चमध्ये वीज सेलच्या मागच्या टोकातून झाकणातल्या स्प्रिंगवर, तिथून बटणातून आणि आट्यांमधून नळीत जाते. झाकण काढायचं आणि तांब्याच्या जाड तारेचं एक टोक सेलच्या मागे, दुसरं नळीच्या उघड्या, रंग नसलेल्या कडेला टेकवायचं. बटणापेक्षा तारेवर टॉर्च जास्त उजळली तर दोष झाकणात आहे: स्प्रिंग काळवंडली असेल, नाहीतर बटणाचे संपर्क झिजले असतील. हे काम बहुधा स्वस्तात होतं. तारेवरही लुकलुकली तर दोष पुढच्या सर्किटमध्ये, आणि बंद मॉडेलचं सर्किट मिळत नाही. बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या टॉर्चना ही युक्ती लागू नाही. त्यातल्या काही बंद असतानाही सेलमधून थोडी थोडी वीज ओढत राहतात, म्हणून ठेवताना झाकण अर्धा फेरा सैल करा.

टॉर्च बंद करून काचेतून एलईडीकडे बघा. पिवळ्या भागावर तपकिरी डाग असेल तर ती खूप तापलेली आहे. वाटीवर धूळ असेल तर तशीच राहू द्या. वाटीचा चकचकीत थर इतका पातळ असतो की रुमालाने पुसला की कायमचा ओरखडा. बाहेरचा रंग कडांना उडालेला असणं मात्र दोष नाही. भाव पाडायला तेवढं निमित्त जरूर वापरा.

ल्यूमेनचं काय करायचं

२००९ पासून टॉर्चच्या मोजमापाला एएनएसआय एफएल१ हे अमेरिकी मानक आहे. त्याआधीच्या टॉर्चवरचे आकडे ज्याने त्याने आपल्या सोयीने छापलेत. मानकातही ल्यूमेन सुरुवातीच्या मिनिट-दोन मिनिटांतच मोजले जातात. आजची खिशात मावणारी टॉर्च काही हजार ल्यूमेनचा दावा करते आणि तापली की आपोआप मंद होते. २०११-१२ च्या जाडजूड टॉर्चचे ८०० ल्यूमेन त्या मानाने बराच वेळ टिकतात. आम्हाला जुन्या टॉर्च आवडतात त्या यासाठी.

झोत किती लांब जातो ते कँडेलावरून, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या मापावरून कळतं. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तितके मीटर. ४०,००० कँडेला म्हणजे ४०० मीटर. त्या टोकाला पडतो तो साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा प्रकाश, त्यामुळे डोळ्यांना नीट कामाचं अंतर त्याच्या निम्मंच धरा. रात्रीच्या विजेवर शेताला पाणी द्यायला जाणाऱ्यांनी इतक्या लांबच्या झोताच्या मागे लागू नये. बांधावर पायाखालचं दिसायला पसरट प्रकाश हवा. गडावर लांबची वाट किंवा कड्याची धार शोधायची असेल तर अरुंद झोत. धुक्यात मात्र कुठलीही टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरू नका, सगळा प्रकाश उलटा अंगावर येतो. कमरेजवळ धरली की बरंच दिसतं.

लांबून मागवताना

विकणाऱ्याकडून झाकण उघडतानाचा, सिरीयल नंबर दिसेल असा व्हिडिओ मागा. भिंतीवरच्या उजेडाचा फोटो बघून काही ठरवू नका, फोनचा कॅमेरा मेणबत्तीलाही सूर्य करतो. नामांकित टॉर्चच्या नकला निघतात. त्यांत अक्षरांचं कोरीवकाम भोंगळ असतं. हमी बहुतेक कंपन्या मूळ खरेदीदारालाच देतात, त्यामुळे जुनं बिल सोबत मिळालं तरी त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. अमेरिकेतले नातेवाईक आणणार असतील तर त्यांना सांगून ठेवा: सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेतच ठेवायचे. सोपं म्हणजे टॉर्च तिथून, सेल इथून.

आमच्याकडे

जुनी टॉर्च आम्ही कायम नवीन सेलसकट विकतो, आधीच्या मालकाचे सेल देत नाही. दोन किंवा जास्त सेल एकामागे एक बसत असतील तर ते एकाच वेळी घेतलेले, एकाच कंपनीचे हवेत. नवा-जुना मिसळला की कमजोर सेल पार उतरतो, तापतो आणि फुटूही शकतो. दुसरीकडून घेतलेली टॉर्चही तपासून देऊ, फक्त येताना सेल बाहेर काढून प्लॅस्टिकच्या डबीत आणा, किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात नको. मेलेले लिथियम सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. बॅटरी कचऱ्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि घंटागाडीत चेपलेला सेल पेट घेऊ शकतो. टोकांना चिकटपट्टी लावून दुकानात आणून द्या, काउंटरखाली त्यासाठी वेगळा डबा ठेवलेला आहे.