दहा क्रमांकाच्या जागेवरून बचावफळीसमोर : पिर्लोच्या स्थानांतराची पार्श्वभूमी

इटलीचा फुटबॉलपटू आंद्रेआ पिर्लो म्हटले की बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून पन्नास-साठ मीटर दूरच्या सहकाऱ्याच्या पायात चेंडू टाकणारा खेळाडू आठवतो. परंतु 1995 मध्ये ब्रेशा क्लबकडून इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरलेला हा सोळा वर्षांचा मुलगा मुळात तिथला नव्हता. आघाडीच्या लगेच मागे खेळून अखेरचा पास देणे किंवा स्वतः गोल करणे, हे दहा क्रमांकाच्या खेळाडूचे काम त्याचे होते. 2000 साली इटलीने एकवीस वर्षांखालील युरोपीय स्पर्धा जिंकली, तेव्हा चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या अंतिम सामन्यातले इटलीचे दोन्ही गोल त्यानेच केले होते.

अडचण त्याच्या गुणवत्तेची नव्हती, जागेची होती. प्रशिक्षक आरिगो साक्कींच्या एसी मिलानने मिळवलेल्या यशानंतर इटलीतील अनेक प्रशिक्षकांनी 4-4-2 (चार बचावपटू, चार मधल्या फळीतले, दोन आघाडीवीर) ही रचना स्वीकारली होती. दोन घट्ट फळ्यांच्या त्या मांडणीत मधोमध मोकळेपणाने फिरणाऱ्या कलावंताला स्थान उरले नव्हते. पार्मा क्लबचे प्रशिक्षक असताना कार्लो अँचेलोटींनी जानफ्रांको झोला या दहा क्रमांकाच्या खेळाडूला डाव्या कडेला खेळवले आणि 1997 मध्ये त्याच धाटणीच्या रोबेर्तो बाज्जोला संघात घेण्याचे नाकारले, यावरून त्या काळाचा कल स्पष्ट होतो. पिर्लो 1998 मध्ये इंटर मिलानकडे गेला खरा, पण त्या हंगामात इंटरचे चार प्रशिक्षक झाले. त्या अस्थिर संघात, खुद्द बाज्जोसारखे खेळाडू पुढे उभे असताना, एका तरुणाचा निभाव लागणे कठीणच होते.

2001 च्या जानेवारीत इंटरने त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरते, पुन्हा ब्रेशाकडे पाठवले आणि तिथेही दहा क्रमांकाच्या जागेवर बाज्जोच होता. प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी दोघांपैकी एकाला बसवण्याऐवजी पिर्लोला खूप मागे, बचावफळीसमोर आणले. या स्थानांतराचे श्रेय पुष्कळदा अँचेलोटींना दिले जाते. त्यांचा वाटा मोठा आहेच, परंतु पहिले पाऊल मात्सोनेंचे होते, ही नोंद आग्रहाने करायला हवी. त्याच वर्षी 1 एप्रिलला तुरिनमध्ये युव्हेन्टसविरुद्ध पिर्लोने मागून दिलेला लांब पास बाज्जोने धावता धावता एका स्पर्शात ताब्यात घेतला आणि गोलरक्षक व्हान डर सारला चुकवून बरोबरी साधून दिली. त्या दिवशी युव्हेन्टसचे प्रशिक्षक अँचेलोटी होते.

त्याच वर्षी पिर्लो एसी मिलानकडे गेला आणि नोव्हेंबरमध्ये अँचेलोटीही तिथे आले. रुई कोस्टा आणि पुढच्या वर्षी सेडॉर्फ व रिव्हाल्डो अशा सर्जनशील खेळाडूंची तिथे गर्दी होती. पार्मात रचनेसाठी खेळाडू सोडणाऱ्या अँचेलोटींनी आता खेळाडूंसाठी रचना बदलली, आणि हाच या कथेतील सर्वांत मोलाचा भाग मला वाटतो. पिर्लो मागे, त्याच्या बाजूला प्रतिस्पर्ध्यांकडून चेंडू हिसकावण्याची जबाबदारी घेणारा गात्तुसो, दुसऱ्या बाजूला सेडॉर्फ आणि पुढे रुई कोस्टा अशी मधली फळी उभी राहिली. प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ पाठीवर सतत बचावपटू असतो. मागे मात्र मान वर करून पाहण्याइतका वेळ मिळतो आणि संपूर्ण मैदान समोर असते. पिर्लोचा वेग बेताचा होता आणि दृष्टी विलक्षण, त्यामुळे हा सौदा त्याच्या फायद्याचा ठरला. मिलानने 2003 आणि 2007 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. 2006 च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध 119 व्या मिनिटाला ग्रोसोला दिलेला न पाहता टाकलेला पास त्याचाच, आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

या भूमिकेची मर्यादाही पुढे दिसली. मार्च 2010 मध्ये मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी आपल्या पार्क जी-सुंगला सामनाभर पिर्लोच्या मागावर ठेवले आणि मिलान 0-4 असा हरला. पुढच्या हंगामात आलेले प्रशिक्षक आलेग्री यांना बचावफळीसमोर अधिक दणकट खेळाडू हवा होता. 2011 मध्ये करार संपल्यावर मिलानने त्याला जाऊ दिले. बत्तिसाव्या वर्षी तो हस्तांतर शुल्काविना युव्हेन्टसकडे गेला आणि आंतोनिओ कोंते यांनी त्याला त्याच जागी, व्हिदाल व मार्किझिओ यांच्या साथीने खेळवले. 2011-12 च्या हंगामात युव्हेन्टसने 38 पैकी एकही लीग सामना न गमावता विजेतेपद मिळवले.