गोल नाहीत म्हणून बॅक कच्चा?

सातारा-फलटणच्या हॉकी मैदानांवर एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: बॅकला, म्हणजे बचावात खेळणारं पोर ड्रॅगफ्लिकवर (चेंडू स्टिकने ओढत जोरात गोलकडे भिरकावण्याचा फटका) गोल मारत नसेल, तर त्याचं पुढे काही खरं नाही.

समज का पसरला, ते कळतं. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या हरमनप्रीत सिंगने 10 गोल केले, तोही बचावपटूच. पण ते गोल पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांच्या फाउलवर समोरच्यांना मिळणारी गोलची संधी) आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे (समोर फक्त गोलकीपर असताना मारायचा फटका). ती वेगळी कला आहे, बचाव वेगळा.

पंधरा-सोळाच्या पोरात बघायचं ते हे: समोरचा चेंडू घेऊन आला की पोर झेप घेतं, की स्टिक जमिनीलगत ठेवून, मागे सरत त्याला साइडलाइनकडे ढकलतं? डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) घाईचा टॅकल म्हणजे बहुतेकदा आयता पेनल्टी कॉर्नर. मग चेंडू मिळण्याआधी मान वळवून आजूबाजूला बघतं का? दोघं अंगावर आले तरी सरळ पास निघतो का?

उंची-ताकदीवर तर अजिबात भुलू नका. लवकर वाढलेलं पोर या वयात सगळ्यांना रेटतं, अठराव्या वर्षी बाकीचे गाठतात. (पालकांना हे सांगून बघा, पटत नाही!) निवड एका स्पर्धेवर करण्यापेक्षा त्याच चुका सहा महिन्यांनी कमी झाल्यात का, ते तपासा.