आधी ढिलं, मग तुटलं

धुळ्यातल्या एका लेथच्या दुकानात, तेलकट पत्र्याच्या टेबलावर भाच्याने ॲल्युमिनियमचा एक तुकडा ठेवला. तळहाताएवढा, मधोमध दुभंगलेला. घरीच जोडलेल्या त्याच्या इलेक्ट्रिक स्केटबोर्डची मोटर या तुकड्याने धरून ठेवली होती. देवपुरात तो तुटला, मोटर बेल्टला लोंबकळत राहिली आणि पोरगं दोन्ही कोपरं खरवडून घरी आलं. "आप्पा, पट्टी जाड करून द्या," तो टर्नरला म्हणाला. आप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, तुकडा ट्यूबलाइटखाली धरला, तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हाई आज तुटनं नही भो. हाई पहिले ढिलं व्हयनं, मंग तुटनं."

कड जवळून पाहिली तेव्हा मलाही ते दिसलं. बोल्टच्या भोकापासून निघालेला भाग गुळगुळीत होता, राखाडी, आणि त्यावर अर्धचंद्रासारख्या बारीक रेघा. पांझरेचं पाणी ओसरताना वाळूवर उमटतात तशा. उरलेला भाग मात्र खडीसाखर फोडल्यासारखा खरबरीत, चमकणारा. गुळगुळीत भाग म्हणजे कित्येक दिवस कणाकणाने पुढे सरकत आलेली चीर. खरबरीत भाग शेवटच्या क्षणी एका झटक्यात फाटलेला. आणि जिथे हा तुकडा स्केटबोर्डच्या आसावर आवळला होता, तिथे काजळीसारखी काळी भुकटी. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म प्रमाणात घासत राहिले की ॲल्युमिनियमची अशी काळी पूड होते, लोखंडाची तांबूस होते. म्हणजे पकड आधीपासूनच हलत होती.

ज्यांनी असा बोर्ड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फळीखाली पुढे-मागे दोन आडवे आस असतात, त्यांना 'ट्रक' म्हणतात. मागच्या ट्रकवर एक पकड आवळतात, पकडीला एक पट्टी, पट्टीला मोटर. मोटरच्या दांड्यावर लहान दातेरी पुली, चाकावर मोठी, मधे दातेरी बेल्ट. पकड आणि पट्टी मिळून जे होतं ते मोटर माउंट. बॅटरी, कंट्रोलर, रिमोट यावर पोरं महिनोन्‌महिने डोकं लावतात. माउंट मात्र भंगारातल्या खिडकीच्या सेक्शनमधून कापतात.

आता जरा आकडेमोड. भाच्याची मोटर घरगुती बोर्डांवर सर्रास दिसणारी, ६३ मिमी व्यासाची आणि ७४ मिमी लांबीची, वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास. ती १९० केव्हीची आहे. इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, तर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, ते. ९.५५ या ठरावीक आकड्याला १९० ने भागलं की एका अँपिअरमागे किती पीळ (फिरवणारा जोर, टॉर्क) मिळतो ते निघतं: ०.०५ न्यूटन-मीटर. पन्नास अँपिअर दिले की अडीच न्यूटन-मीटर. लहान पुलीला १६ दाते आहेत आणि दात्यांत ५ मिमी अंतर, म्हणजे तिची त्रिज्या पावणेतेरा मिमी. त्यावरून बेल्टची ओढ १९६ न्यूटन निघते. वीस किलोची तांदळाची गोणी दोरीला टांगावी एवढी.

चाकावरच्या पुलीला ३६ दाते, त्यामुळे चाकाला ५.६ न्यूटन-मीटर पीळ मिळतो. आणि न्यूटनचा तिसरा नियम इथे कुणालाच सुट्टी देत नाही. चाकाला जेवढा पीळ, तेवढाच उलटा पीळ माउंटच्या पकडीला. ब्रेक मारला की तोच उलट दिशेने. पकड ज्या आसावर बसली आहे त्याचा व्यास १८ मिमी धरला, तर त्या पृष्ठभागावर सव्वासहाशे न्यूटनचं घर्षण सतत पुरलं पाहिजे. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम, घर्षणांक ०.२ धरू, मग दाबून धरायला तीन हजार न्यूटनच्या वर बळ लागलं. ८.८ दर्जाचा एम५ (५ मिमी जाडीचा) बोल्ट नीट आवळला तर एकटाच सहा हजार न्यूटन देतो, आणि पकडीला असे दोन-तीन बोल्ट असतात. मग अडचण कुठे आहे?

अडचण रस्त्यात आहे. मोटरचं केंद्र आसापासून साधारण ६५ मिमी लांब. बोर्ड खड्ड्यात आपटला आणि तो धक्का गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट धरला (कडक प्लास्टिकच्या लहान चाकांना, खाली स्प्रिंग नसताना, हे फार नाही), तर नऊशे ग्रॅमची मोटर त्या क्षणापुरती अठरा किलोची होते. अठरा किलो, ६५ मिमीवर: साडेअकरा न्यूटन-मीटर. मोटरच्या पूर्ण ताकदीच्या दुप्पट! शिवाय मोटर फक्त एका टोकाने पट्टीला धरलेली असते, दुसरं टोक हवेत. त्यामुळे तोच धक्का पट्टीला आडवाही वाकवतो. भाचा मोटरच्या जोराला घाबरून माउंटचा हिशेब करत होता, आणि माउंटचा खरा शत्रू महानगरपालिकेच्या कृपेने रस्तोरस्ती पसरलेला आहे.

एक खड्डा माउंट तोडत नाही, तेवढी ताकद माउंटमध्ये असते. मोजायची असते ती संख्या. पेव्हर ब्लॉक २०० मिमी लांबीचे धरले तर एका किलोमीटरला पाच हजार सांधे लागतात, म्हणजे पाच हजार बारीक धक्के. दोनशे किलोमीटर फिरलं की दहा लाख. ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमच्या चांगल्या मिश्रधातूला एकदाच वाकवायचं तर २७५ मेगापास्कल ताण लागतो, पण ताण कोट्यवधी वेळा उलटसुलट दिला तर शंभर मेगापास्कलच्या आसपासच तो तुटतो. खिडकीच्या सेक्शनचा धातू सहसा ६०६३ असतो, त्याची मूळ ताकदच जवळपास निम्मी. पोलादाला एक सोय आहे: ठरावीक मर्यादेखालचा ताण ते कितीही वेळा झेलतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. ताण कमी केला तर आयुष्य वाढतं, अमर मात्र होत नाही.

हे शहाणपण रेल्वेने माणसांच्या जिवाची किंमत मोजून मिळवलं आहे. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने १८५० च्या दशकापासून आसांचे नमुने यंत्रावर लाखो फेरे फिरवून तोडले आणि ताण किती व फेरे किती यांचं नातं मांडलं. रेल्वेच्या आसांची आजही अल्ट्रासोनिक लहरींनी तपासणी होते, ती डोळ्यांना न दिसणारी चीर पकडण्यासाठी.

खानदेशातल्या माणसाला याचं मोठं रूप पाहायला लांब जावं लागत नाही. भुसावळच्या फलाटावर उभं राहून मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ इंजिन चाकांच्या बाजूने निरखा. त्याला सहा मोटरी, प्रत्येक ८५० किलोवॉटची. त्या टांगण्याची रीत अशी: एक बाजू थेट आसावर टेकलेली, दुसरी बाजू, जिला 'नाक' म्हणतात, बोगीच्या, म्हणजे चाकं धरणाऱ्या चौकटीच्या, सांगाड्याला रबराच्या गाद्यांतून अडकवलेली. ही कल्पना अमेरिकेतल्या फ्रँक स्प्रेग याने १८८८ साली रिचमंडच्या विजेच्या ट्रामसाठी वापरली. एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला हात, म्हणून तिला हातगाडीची पद्धत म्हणत. स्केटबोर्डवाल्यांचा माउंट म्हणजे ही हातगाडी, फक्त हात नसलेली. नाक कुठेच अडकवलेलं नाही, सगळा भार एकट्या पकडीवर. दोन मोटरी असतील तर दोन्ही माउंटना जोडणारी एक आडवी पट्टी टाकली तरी बराच फरक पडतो.

पकड ढिली का होते, हा खरा मजेचा भाग. बोल्ट आवळला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने भाग एकमेकांवर दाबले जातात. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे धक्के त्याला फार लवकर सोडवतात. उतरणीवर ठेवलेलं पोतं एरवी घर्षणाने जागेवर राहतं. पण ते आडवं ढकला, सरकताना ते उताराने थोडं खालीही येतं. बोल्टचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच. प्रत्येक आडव्या घसरणीला बोल्ट केसभर उलटा फिरतो. दाब कमी, म्हणून घसरण जास्त, म्हणून दाब आणखी कमी. शेवटी पकड टकटक आपटू लागते आणि जो भार घर्षण झेलत होतं तो भोकाच्या कडेवर येतो. तिथूनच चीर निघते.

स्प्रिंग वॉशरवर लोकांचा फार भरवसा, माझा नाही. तो बोल्टच्या पूर्ण दाबाखाली केव्हाच सपाट झालेला असतो, आणि अशा आडव्या हादऱ्यांत त्याचा उपयोग फारसा होत नाही हे चाचण्यांत दिसलं आहे. लॉकटाइटसारखं द्रव काम करतं, कारण ते हवा नसलेल्या जागी, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतं आणि आट्यांमधली फट भरून टाकतं. निळ्या रंगाचं घ्यावं, पुढे पान्याने सुटतं. मात्र एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटवर ते सांडलं तर प्लास्टिकला भेगा पडतात.

प्लास्टिकवरून आठवलं. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला पीएलए या प्लास्टिकचा माउंट ही कल्पना खानदेशात तरी विसरावी. पीएलए साठ अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात सावलीतच त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतात, आणि चढावर मोटर ऐंशीपर्यंत सहज जाते. आणि तापमान सोडलं तरी आवळलेल्या बोल्टखाली प्लास्टिक हळूहळू दबत जातं, म्हणजे बोल्ट न फिरताही सैल होतो.

मग पट्टी जाड करायची की नाही? करायचीच, पण कारण वेगळं. सहाऐवजी आठ मिमी घेतली तर पट्टीचा ताठपणा २.४ पट होतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. ताठ पट्टी कमी झुलते, कमी झुलली की पकड कमी घासते. त्याहून मोठा फायदा पकडीच्या आकारात आहे. गोल आसावर गोल पकड फिरू शकते. आसाचा आकार चौकोनी किंवा एका बाजूने चपटा असेल आणि पकड आतून तशीच कोरली असेल, तर पीळ घर्षणावर न राहता आकारावर जातो. वेल्डिंग करून टाकू, असं भाचा म्हणत होता. आप्पांनी नाही म्हटलं, आणि बरोबर म्हटलं: ६०६१-टी६ ची ताकद उष्णोपचाराने आलेली असते, टाक्याच्या आजूबाजूला ती जवळपास निम्म्यावर येते.

कोपऱ्यांचं त्यांनी फार मनावर घेतलं. कापडाच्या दुकानात कात्रीने जरा चीर दिली की दुकानदार पूर्ण तागा टर्रकन फाडतो. धातूत काटकोनी आतला कोपरा तेच काम करतो. साध्या गोल भोकाच्या कडेलाही ताण सरासरीच्या तिप्पट होतो. आप्पांनी प्रत्येक आतल्या कोपऱ्याला गोलाई दिली, भोकांच्या कडा कानशीने मोडल्या, आणि बेल्ट ताणायच्या लांबट खाचा भाच्याने मागितल्या होत्या त्याहून आखूड ठेवल्या. मोटरचे एम४ स्क्रू त्यांनी आधी व्हर्नियरने मोजले. आत पुरेसे आटे धरले पाहिजेत, पण फार लांब गेले तर मोटरच्या तांब्याच्या गुंडाळीला टेकतात.

नवा माउंट बसवल्यावर आप्पांनी पांढऱ्या ऑइलपेंटची बारीक काडी घेऊन प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटते, पान्याशिवाय कळतं. भाच्याने चौथ्या दिवशी फोटो पाठवला. तीन रेघा जशाच्या तशा होत्या, चौथी नखभर सरकलेली. खाली लिहिलं होतं: "मामा, हाच बोल्ट. लॉकटाइट लावायला विसरलो होतो."