कळसूबाईपेक्षा उंच आसन: पहिला विमानप्रवास आणि हवेचा दाब

एप्रिल 2025 मध्ये अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी प्रवासी सेवा सुरू झाली आणि पूर्वी ज्यांना विमानासाठी नागपूर गाठावे लागे, अशा पश्चिम विदर्भातील गावांना विमान बरेच जवळ आले. पहिल्यांदा निघालेल्या माणसाला घरची मंडळी तिकीट, ओळखपत्र आणि सामानाचे वजन यांविषयी बजावतात आणि ते योग्यच आहे. पण आत बसल्यावर कानाला दडे का बसतात, पोट का फुगते, लोणच्याची बरणी का पाझरते, हे सहसा कोणी सांगत नाही. या साऱ्यांच्या मुळाशी हवेचा दाब आहे.

मोठे जेट विमान साधारण 10 ते 11 किलोमीटर उंचीवरून जाते. तेथे बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक चतुर्थांश आणि तापमान उणे 50 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणून आतमध्ये दाबलेली हवा सतत सोडावी लागते आणि मागच्या बाजूच्या झडपेतून ती हिशेबाने बाहेर काढावी लागते. आतला दाब जमिनीइतकाच ठेवायचा तर विमानाचे धड फार जड करावे लागेल. म्हणून तडजोड केलेली असते आणि आतला दाब 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर आहे आणि राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटरवर. म्हणजे नागपूरच्या 310 मीटर उंचीवरून निघालेला प्रवासी पाऊण तासाच्या आत कळसूबाईच्याही वरच्या हवेत श्वास घेऊ लागतो.

खिडकीजवळची जागा मिळाल्यास तिच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र दिसेल, ते पाहून दचकू नये. खिडकीला एकाहून अधिक थर असतात आणि दाबाचा भार सर्वांत बाहेरचा थर पेलतो. छिद्र मधल्या थराला असते. त्यामुळे दोन थरांमधील हवेचा दाब आतल्या हवेइतका राहतो आणि बाष्पही फारसे साचत नाही.

कानाचे दुखणे मात्र खरे असते. पडद्यामागे हवेने भरलेली एक लहान पोकळी असते आणि एक अरुंद नलिका तिला घशाच्या मागच्या भागाशी जोडते. ही नलिका एरवी मिटलेली असते आणि सायकलच्या व्हॉल्व्हप्रमाणे एकाच दिशेने सहज चालते. विमान चढताना पोकळीतील हवा फुगून आपोआप बाहेर निसटते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, पण हवा आत शिरत नाही आणि पडदा आत ओढला जातो. गिळताना किंवा जांभई देताना स्नायू ही नलिका उघडतात, म्हणून उतरतानाच्या शेवटच्या अर्ध्या तासात जागे राहावे, गोड गोळी चघळावी, पाणी घोटघोट प्यावे आणि तान्ह्या बाळाला त्याच वेळी पाजावे. आपल्याकडे तोंडात काही धरायचे म्हटले की हात खर्ऱ्याच्या पुडीकडे जातो. परंतु येथे सारा उपयोग गिळण्याचा आहे आणि विमानात थुंकायला जागा नाही. तरीही कान मोकळा न झाल्यास नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकातून अगदी हलकेच फुंकावे. नाक पूर्ण चोंदलेले असताना प्रवास पुढे ढकलता आला तर उत्तम.

दाब कमी झाला की हवा फुगते, हाच नियम पोटालाही लागू होतो. नागपूरच्या तुलनेत केबिनमध्ये, म्हणजे प्रवासी बसतात त्या भागात, आतड्यातील वायू जवळपास 30 टक्क्यांपर्यंत फुगू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी हरभऱ्याची उसळ किंवा पोटभर पिठले टाळावे. बरणीत तेलाच्या वर राहिलेली हवा अशीच फुगते आणि तेल झाकणातून बाहेर ढकलते. नेत्रपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण जिरल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत विमानात बसूच नये, कारण डोळ्यातील दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो.

विदर्भासाठी मला याहून महत्त्वाचा वाटतो तो सिकलसेलचा प्रश्न, कारण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत हा आनुवंशिक आजार अनेक कुटुंबांत आहे आणि विमानाच्या संदर्भात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. केबिनमध्ये दाब कमी म्हणून श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही कमी असतो. निरोगी माणसाच्या रक्तातील त्याचे प्रमाण थोडे घटते आणि त्याला बहुधा ते जाणवतही नाही. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या, म्हणजे एसएस प्रकारच्या रुग्णात मात्र प्राणवायू घटला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. त्यातच केबिनची हवा आपल्या मे महिन्यातल्या दुपारइतकीच कोरडी असते आणि शरीरातील पाणी कमी झाल्यास धोका वाढतो. अशा रुग्णाने तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, भरपूर पाणी प्यावे आणि गरज असल्यास प्रवासात प्राणवायूची सोय करण्याविषयी विमान कंपनीला आगाऊ कळवावे. एकाकडूनच असे जनुक आलेल्या एएस वाहकांना सहसा त्रास होत नाही. ज्यांना चार पावले चालताच धाप लागते किंवा ज्यांचे हिमोग्लोबिन फार कमी आहे, त्यांनीही सल्ला घ्यावा.

केबिनचा दाब अचानक घटल्यास डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. लेकराच्या आधी स्वतःचा मुखवटा लावा ही सूचना आईवडिलांना निर्दयी वाटते, परंतु 35,000 फुटांवर दाब गेल्यास माणसाची शुद्ध जेमतेम अर्धा ते एक मिनिट शाबूत राहते आणि भोवळ आलेला बाप लेकराच्या उपयोगाचा नसतो.

विमानाला बसणारे हादरे हा वेगळा विषय असला, तरी एक गोष्ट उन्हाळ्यात उपयोगी पडेल. मे महिन्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे लोट वर चढतात आणि उड्डाणानंतरची व उतरण्यापूर्वीची काही मिनिटे विमान त्यांतून हिसके खात जाते. पंख वाकताना दिसतात, ते वाकण्यासाठीच बनवलेले असतात. ज्याला फार भीती वाटते त्याने सकाळचे विमान निवडावे, कारण तेव्हा जमीन अजून तापलेली नसते. आणि पट्टा बांधण्याची सूचना देणारा दिवा विझला तरी कमरेचा पट्टा सोडू नये.